‘कधी?’ या प्रश्नाचे उत्तर

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संसदीय कार्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ते बहुतेक सारे भाषणांविषयी आहे. संविधान सभेतील त्यांचे समारोपाचे भाषण आपल्या कार्यकर्त्यांना मुखोद्गत असते. सभागृहात प्रश्नांना दिलेली त्यांची चार-चार ओळींची उत्तरे मात्र सहसा कोणी वाचत नाही. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या दहाव्या खंडात मजूरमंत्री म्हणून त्यांनी दिलेली उत्तरे आहेत, चौदाव्या खंडात हिंदू कोड बिलावरील चर्चा आहे. हे दोन खंड शेजारी ठेवून वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. येऊ घातलेल्या कायद्याविषयी मंत्र्याला तीन प्रश्न विचारले जातात : कायदा काय आहे, तो का हवा आणि तो कधी येणार. पहिल्या दोन प्रश्नांना विद्वत्तेने उत्तर देता येते. तिसऱ्याला ते देता येत नाही. त्यासाठी सत्ता लागते.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. सभागृह मध्यवर्ती कायदेमंडळाचे, सरकार परक्यांचे आणि काळ महायुद्धाचा. कोळसा कमी पडू लागला म्हणून १९४३ मध्ये स्त्रियांनी खाणीच्या पोटात उतरून काम करण्यावरील बंदी सरकारने उठवली. ही बंदी १९३७ पासून पूर्णपणे लागू झाली होती. फेब्रुवारी १९४४ मध्ये श्रीमती रेणुका राय यांनी तहकुबीची सूचना आणून सरकारला जाब विचारला. उत्तर द्यायला उभे राहिले ते बाबासाहेब. त्यांनी कोळशाच्या टंचाईचे कारण सांगितले आणि स्त्रीपुरुषांना समान कामाला समान वेतन हे तत्त्व येथे मान्य झाले आहे, हे आग्रहाने मांडले.

हा प्रसंग आपल्या लेखनात सहसा येत नाही. तो अडचणीचा वाटतो, म्हणून त्याला बगल दिली जाते. मला तसे करणे योग्य वाटत नाही. बंगाल-बिहारच्या त्या खाणींत उतरणाऱ्या बाया कोण होत्या? संथाळ, बाउरी अशा आदिवासी आणि अस्पृश्य जातींच्याच त्या होत्या. त्यांच्या बाजूचा माणूस सरकारात बसला होता आणि सरकारचा निर्णय त्यालाच सभागृहात मांडावा लागत होता. मंत्रिपदाचा हा काच समजून घेतल्याशिवाय मंत्री आंबेडकर समजणार नाहीत. ती बंदी १ फेब्रुवारी १९४६ पासून पुन्हा लागू झाली. तोवर युद्ध संपले होते. म्हणजे ‘कधी’ हे खाणीतल्या बाईच्या प्रकृतीने ठरवले नाही, तिच्या मंत्र्यानेही नाही. ते युद्धाने ठरवले.

याच खात्यातून निघालेल्या तीन कायद्यांचे पुढे काय झाले, तेही पाहण्याजोगे आहे. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. हे उत्तर फळाला आले. कामगार संघटनांना मान्यता देणे मालकांवर बंधनकारक करणारे विधेयक बाबासाहेबांनी १९४३ मध्ये आणले, १९४६ मध्ये पुन्हा आणले. १९४७ मध्ये ते मंजूर झाले, पण त्याची अंमलबजावणी कधीच झाली नाही. किमान वेतनाचे विधेयक त्यांनी एप्रिल १९४६ मध्ये मांडले. त्याचा कायदा झाला १९४८ मध्ये, तेव्हा मजूरमंत्री जगजीवनराम होते. त्या कायद्याच्या परिशिष्टात शेतीचाही समावेश होता. पण शेतमजुरांचे वेतन ठरवण्याची मुदत पुढे वारंवार वाढवून घेण्यात आली. गावोगावच्या महारवाड्यातील आणि मांगवाड्यातील भूमिहीन माणसाच्या बाबतीत कायदा आला तरी ‘कधी’ हा प्रश्न शिल्लकच राहिला.

हिंदू कोड बिलाच्या बाबतीत तर हा प्रश्न उघडावाघडा समोर येतो. हे बिल ११ एप्रिल १९४७ रोजी सभागृहात आले. ९ एप्रिल १९४८ रोजी ते प्रवर समितीकडे गेले. १९४९ मध्ये त्यावर तुकड्या-तुकड्यांनी चर्चा झाली. ‘काय’ आणि ‘का’ या प्रश्नांना कायदामंत्र्यांनी दिलेली उत्तरे अपुरी होती, असे विरोधकांनाही म्हणता येणार नाही. घटस्फोटाने हिंदू धर्म बुडेल असे म्हणणाऱ्यांना त्यांनी दाखवून दिले, की हिंदूंत नव्वद टक्के शूद्र आहेत आणि रूढीने त्यांच्यात काडीमोड चालत आलेलीच आहे. मग नव्वदांचा कायदा देशाचा कायदा व्हावा की दहांचा कायदा नव्वदांवर लादावा? शास्त्रार्थाच्या आखाड्यात उतरलेल्यांना त्यांनी शास्त्रानेच उत्तर दिले.

१९ डिसेंबर १९४९ रोजी बिल विचारात घेण्याचा ठराव मंजूर झाला. त्यानंतर १९५० साली ते सभागृहापुढे आलेच नाही. फेब्रुवारी १९५१ मध्ये तीन दिवस मिळाले आणि पुन्हा ते बाजूला पडले. येथे एक विलक्षण गोष्ट घडली. ज्याने उत्तरे द्यायची तो मंत्रीच प्रश्न विचारू लागला. १० ऑगस्ट १९५१ रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले : आपली प्रकृती ढासळत आहे, हे बिल १६ ऑगस्टला घ्यावे, म्हणजे १ सप्टेंबरपर्यंत ते पुरे होईल. नेहरूंनी सबुरीचा सल्ला दिला. १७ सप्टेंबरला चर्चा सुरू झाली. भाषणांना वेळेची मर्यादा घातली गेली नाही, पक्षाचा आदेश काढला गेला नाही. विवाह आणि घटस्फोटाचा भाग तरी वेगळा काढून मंजूर करू असे ठरले. काही दिवसांत तोही सोडून देण्यात आला. चार कलमे मंजूर झाली होती. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये त्याची कारणे सभागृहात सांगायला ते उभे राहिले, तेव्हा निवेदनाची प्रत आधी दाखवा, अशी मागणी उपसभापतींनी केली. ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांना दिले. वर्गावर्गांतील आणि स्त्रीपुरुषांतील विषमता तशीच ठेवून आर्थिक कायदे करीत राहणे म्हणजे संविधानाची थट्टा होय, हा त्या निवेदनाचा गाभा होता.

पुढे १९५५-५६ मध्ये विवाह, वारसा, पालकत्व, दत्तक असे चार वेगवेगळे कायदे झाले. पण वडिलार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क देशभर मिळायला २००५ साल उजाडावे लागले. एका ‘कधी’चे उत्तर यायला किती पिढ्या जाव्या लागतात, हे यावरून दिसते.

बाबासाहेबांसारखा मंत्रीही ज्या प्रश्नापुढे हतबल झाला, तो प्रश्न केवळ मंत्र्यावर सोडून चालणार नाही, असा याचा अर्थ मी घेतो. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांवर लक्ष ठेवणारी समिती लोकसभेत १९५३ पासून आहे. तसे लक्ष आपणही ठेवले पाहिजे. राखीव जागांवरून निवडून गेलेल्या आपल्या प्रतिनिधीने वर्षभरात कोणते प्रश्न विचारले, त्याला काय उत्तर मिळाले आणि त्या उत्तराचे पुढे काय झाले, याची वही वस्तीवस्तीत असली पाहिजे. भाषणे पाठ करणारी पिढी आपण घडवली आहे. आता उत्तरांचा हिशेब मागणारी पिढी घडवायची आहे.