भगरीच्या आधीचा भात

रुद्राच्या आवर्तनात चमकाचा चौथा अनुवाक आला की धान्यांची नावं सुरू होतात. व्रीही, जव, उडीद, तीळ, मूग ही ओळखीची मंडळी आधी येतात, मग गहू, मसूर, राळा. आणि तैत्तिरीय पाठातल्या या बारा धान्यांत अगदी शेवटी दोघं शेजारी शेजारी बसलेले असतात, श्यामाक आणि नीवार. श्यामाक म्हणजे सावा. नीवार म्हणजे पाणथळीत आपसूक उगवणारा रानभात. पुढच्याच अनुवाकात यजमान आणखी दोन गोष्टी मागतो: नांगरून पिकलेलं ते कृष्टपच्य आणि न नांगरता पिकलेलं ते अकृष्टपच्य. या मागण्या मी लहानपणापासून नुसत्या सुरात ऐकत आलो. ऋषिपंचमीला पानात वरीचा भात आणि बैलाच्या कष्टाविना पिकलेली भाजी पाहिली तेव्हा त्यांचा अर्थ लागला. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की एकादशीला आणि शिवरात्रीला आपण जी भगर खातो, ती नीवाराच्या गादीवर बसलेली आहे. उपवासाचा मूळ भात रानभात होता.

आधी एक घोळ दूर करू. मोठ्या दुकानांत ‘वाइल्ड राइस’ म्हणून जे लांब काळे दाणे मिळतात, ते उत्तर अमेरिकेतल्या सरोवरांतलं झिझानिया नावाचं गवत. ओजिब्वे लोक त्याला मनोमिन म्हणतात आणि त्यांच्या जेवणात त्याला मोठा मान आहे, पण आपल्या भाताचं ते दूरचं नातेवाईक. नीवार मात्र आपल्या साळीच्या थेट कुळातला, ओरायझा. मराठीत त्याला देवभात म्हणतात, विदर्भातल्या तळ्यांकाठी देवधान, छत्तीसगडात पसहर, उत्तर प्रदेशात तिन्नी. त्याच्या वर्षायू जातीला शर्मा आणि शास्त्री यांनी 1965 मध्ये शास्त्रीय नाव दिलं तेव्हा जुनाच शब्द उचलला: ओरायझा निवारा.

नीवाराची वंशावळ मोठी आहे. वाजपेय यज्ञात बृहस्पतीसाठी नीवाराचाच चरू लागतो. मनुस्मृती वानप्रस्थाला बजावते की नांगरटीचं अन्न खाऊ नकोस, कुणी टाकून दिलेलं असलं तरीही. ‘शाकुंतला’त दुष्यंताला आश्रम जवळ आल्याचं कळतं ते झाडांखाली पडलेल्या नीवाराच्या दाण्यांवरून, ढोलीतल्या पोपटांच्या चोचीतून ते निसटलेले असतात. त्याच नाटकाच्या चौथ्या अंकात शकुंतलेचा पदर ओढणारं पाडस वाढलेलं आहे श्यामाकाच्या मुठींवर. म्हणजे चमकातले दोघे शेजारी कालिदासाच्या आश्रमातही एकत्र नांदतात. मुनींच्या अन्नात ही दोन धान्यं एकमेकांच्या जागी सहज येऊ शकत होती, असं मी यावरून धरतो.

शब्दाची व्युत्पत्ती पाहायला गेलं की वाद सुरू होतात. पाणिनीने ‘नि’ उपसर्ग आणि ‘वृ’ धातू यांपासून हा शब्द साधला आहे आणि त्यासाठी, केवळ धान्याच्या अर्थापुरतं, स्वतंत्र सूत्र खर्ची घातलं आहे. ‘वृ’ म्हणजे निवडणे असं घेतलं तर नीवार हे वेचून घेतलेलं धान्य ठरतं आणि रानभाताच्या सुगीला ते तंतोतंत लागू पडतं. पण एका शब्दासाठी व्याकरणकाराला खास सूत्र करावं लागतं, तेव्हा तो शब्द सरळ मार्गाने आलेला नसावा, ही शंकाही रास्त आहे. मला ती पटते. तळ्याकाठी भात वेचणाऱ्या लोकांचा शब्द ऋषींनी धान्याबरोबरच उचलला असणार आणि व्याकरणाने त्याला मागाहून कूळ दिलं असणार.

इथे आणखी एक मोह होतो. नीवारातला ‘नी’ गळाला आणि ‘वरी’ उरली, असं म्हणायचा. असं झालं असतं तर माझ्या मताला आयता पुरावाच मिळाला असता. पण संस्कृत कोशांत ‘वरक’ हे वेगळं धान्यनाम आहे आणि वरी, वरई त्यावरून येणं कितीतरी सरळ आहे. तेव्हा हा दुवा सोडून द्यावा. त्याहून भक्कम आधार अमरकोशात मिळतो. तिथे नीवार हा तृणधान्याचा पर्याय म्हणूनच दिला आहे. एका रानभाताचं नाव गवताच्या साऱ्या धान्यांना लावता येऊ लागलं, की नीवाराच्या जागी सावा किंवा वरी शिजवली तरी व्रत मोडत नाही. अदलाबदल झाली ती या वाटेने.

आपण भगरीला ‘वरीचे तांदूळ’ म्हणतो, यात मला जुन्या भाताची आठवण दिसते. यावर उत्तर असं येतं की संस्कृतात कांडून तूस काढलेल्या कुठल्याही दाण्याला तंडुल म्हणता येतं. खरं आहे. पण मग ज्वारीचे किंवा बाजरीचे तांदूळ असं आपण एरवी का म्हणत नाही?

वैद्यकाच्या बाजूने येणारा आक्षेप अधिक वजनदार आहे. तृणधान्यं हलकी, म्हणून उपवासाला ती चालतात, त्यात नांगराचा काय संबंध? हलकेपणा हीच कसोटी असती तर साबुदाण्याची खिचडी उपवासाला कधीच चालली नसती, आणि मुगाचं वरण चाललं असतं. साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणा ही परदेशी मंडळी आत आली ती कंदमुळांच्या दारातून. राजगिरा आधी पालेभाजी म्हणून आला असावा आणि मागून त्याचं बी आलं, असं मी समजतो.

खरी अडचण नाचणीची आहे. डोंगरउतारावर, जिथे नांगर चालत नाही तिथे, कुदळीने उकरलेल्या दळीत वरी आणि नाचणी दोन्ही पिकत आल्या. मग वरी उपवासाला चालते आणि नाचणी का चालत नाही? कारण नाचणी पूर्व आफ्रिकेतून आलेली. चमकाच्या बारा धान्यांत ती नाही, मुनींच्या अन्नातही नाही. ती आली तेव्हा तृणधान्यांच्या पंगतीतल्या जागा भरलेल्या होत्या.

माझ्या मताची सर्वांत मोठी साक्ष छत्तीसगडात आहे. श्रावण वद्य षष्ठीला तिथे खमरछठ असते, उत्तरेत तीच हलषष्ठी. त्या दिवशी आया मुलांसाठी व्रत करतात, नांगरलेल्या जमिनीवर पाऊल ठेवत नाहीत, दूध-दही म्हशीचं घेतात आणि भात शिजवतात तो पसहरचा. त्या दिवसांत तो साध्या तांदळाच्या कितीतरी पट भावाने विकला जातो. पुढे पंधरवड्याने आपली ऋषिपंचमी येते. नियम जवळजवळ तोच: बैलाच्या श्रमाचं खायचं नाही. अळू, माठ, भेंडी, पडवळ, सुरण, मक्याचं कणीस अशी परसातली भाजी चालते. तिकडे पानात रानभात, इकडे वरी. एकाच घरातल्या दोन जावांसारखी ही दोन व्रतं आहेत आणि थोरलीने मूळ भात सांभाळला आहे.

धाकटीने तो का सोडला, याचं उत्तर दाण्यातच आहे. नीवाराचं कणीस पिकता पिकता झडतं. दाणा पाण्यात पडतो आणि लांब कुसळामुळे चिखलात रुततो. म्हणून लोक पहाटे, दव असताना, पाण्यात उतरून टोपलीत कणसं झटकून घेतात किंवा पिकण्याआधीच ती एकत्र बांधून ठेवतात. त्यासाठी उथळ तळी हवीत. दख्खनच्या पठारावर ती थोडी. आपल्याकडे भंडारा-गोंदियाचा मालगुजारी तलावांचा मुलूख सोडला तर रानभाताला ऐसपैस जागाच नाही. वरी मात्र सह्याद्रीच्या उतारावर मुबलक. हातात येईल ते धान्य व्रताला लागलं.

या झडणाऱ्या दाण्याचं ऋण जगावर आहे. 1970 च्या दशकात आशियातली भातशेती रोपं खुरटवणाऱ्या एका विषाणूरोगाने झोडपली, तेव्हा फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो वाणं तपासली. प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या निवाराच्या एका वाणात. ती 1976 च्या आयआर-36 या जातीत उतरली आणि ती जात पुढे कोट्यवधी एकरांवर पसरली.

येत्या ऋषिपंचमीला छत्तीसगडातून किंवा उत्तरेतून कुणी येणार असेल तर वाटीभर पसहर किंवा तिन्नी मागवा. धुऊन अर्धा तास भिजत ठेवा. वरीला तिप्पट पाणी लागतं, याला दुपटीहून थोडं जास्त पुरतं. तूप-जिऱ्यावर परतून मंद आचेवर झाकून शिजवा. भात किंचित तांबूस आणि चिकट होतो. सोबत दाण्याची आमसूल घातलेली आमटी करा, नाहीतर नुसतं दही घ्या. आणि एवढ्यावरच थांबू नका. हा भात एखाद्या साध्या मंगळवारीही करावा, कारण मागणी राहिली तरच तळ्याकाठची माणसं तो वेचत राहतील.