पडद्यावरची काव्यपाठशाळा

सेवेला घेतलेल्या एकाच अभंगावर बुवा दोन तास बोलतात आणि दिवसभर शेतात राबून आलेला माणूस ते मांडी न मोडता ऐकतो, याचे आपल्याला काही नवल वाटत नाही. कवितेचा अर्थ समजायला आधी पदवी लागते, असे आपल्या परंपरेत कोणी मानलेच नाही. अमेरिकेत मात्र विसाव्या शतकात कविता हळूहळू विद्यापीठाच्या वर्गात जाऊन बसली. कवी प्राध्यापक झाले, वाचक विद्यार्थी झाले. ज्याला विद्यापीठाची पायरी चढता आली नाही, त्याची आणि कवितेची गाठ बहुतेक वेळा शाळेतच सुटली. ती पुन्हा बांधावी म्हणून तिकडच्या काही मंडळींनी आधी दूरचित्रवाणी आणि मग संगणक हाती धरला. आज आपल्यातलेही पुष्कळ जण मोबाइलवर कीर्तन ऐकतात. म्हणून त्या खटाटोपाची हकीकत आपण ऐकावी असे वाटले.

आरंभ झाला तो पहाटे. सप्टेंबर १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वाहिनीवर सकाळी साडेसहाला फ्लॉइड झुली नावाचे प्राध्यापक उभे राहिले आणि साहित्य शिकवू लागले. कार्यक्रमाचे नाव ‘सनराइज सेमिस्टर’. विषय कवितेचा नव्हता, कादंबऱ्यांचा होता. पहिले पुस्तक स्तांदाल या फ्रेंच लेखकाचे. झाले असे की न्यूयॉर्कच्या दुकानांतून ते सव्वाशे वर्षांपूर्वीचे पुस्तक पाहता पाहता संपले. काकड्याच्या वेळी उठून फ्रेंच कादंबरी ऐकणारे लोक त्या शहरात आहेत, हे दुकानदारांनाही ठाऊक नव्हते. हा कार्यक्रम पुढे १९८२ पर्यंत चालला. पण त्याची रीत एकमार्गी होती. प्राध्यापक बोलणार, लोक ऐकणार. कोणाला शंका आली तर ती त्याची त्याने उशाशी ठेवून घ्यायची.

ही उणीव ओळखली ती इंग्लंडने. हॅरल्ड विल्सन यांनी १९६३ साली ग्लासगोच्या भाषणात ‘हवेतल्या विद्यापीठा’ची कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात आणण्यासाठी झटल्या जेनी ली. कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्याची ही मुलगी पुढे मंत्री झाली होती. गरिबांसाठी काहीतरी हलके, दुय्यम शिक्षण काढावे, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. त्यांनी तो ऐकला नाही. शिक्षण तेच, पदवी तीच, फक्त दार सगळ्यांना उघडे. १९६९ मध्ये मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांनी अभ्यास सुरू केला. प्रवेशाला आधीच्या परीक्षेची अट नव्हती. नाशिकचे आपले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले, ते याच कुळातले.

लोकांच्या लक्षात राहिली ती रात्री-अपरात्री बीबीसीवर दिसणारी व्याख्याने. पण विद्यापीठ चालले ते त्यांच्या बळावर नव्हे. टपालाने घरी येणारी पुस्तिका, लिहून पाठवलेल्या निबंधावर शेरे मारणारा मार्गदर्शक, गावाजवळचे अभ्यासकेंद्र आणि उन्हाळ्यातला एकत्र राहण्याचा आठवडा, हे त्याचे खरे खांब. पडदा हा निमंत्रणापुरता. २००६ च्या डिसेंबरात अभ्यासक्रमाचे शेवटचे प्रसारण झाले आणि पडदा बंद पडला, तरी विद्यापीठ चालूच राहिले. यावरून काय ते समजावे.

आता कवितेकडे वळू. १९८८ साली अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर ‘व्हॉइसेस अँड व्हिजन्स’ नावाची तेरा भागांची मालिका आली. प्रत्येक भाग तासाभराचा आणि एका कवीला वाहिलेला. व्हिटमन, डिकिन्सन, फ्रॉस्ट, लँगस्टन ह्यूज. सोबत अभ्यासपुस्तिकाही होती, म्हणजे महाविद्यालयांना तो अभ्यासक्रम म्हणून चालवता येई. पुढच्याच वर्षी बिल मॉयर्स या पत्रकाराने कवींच्या भेटींची मालिका केली आणि १९९५ मध्ये आणखी एक. न्यू जर्सीतल्या एका काव्यमहोत्सवात हजारो माणसे तंबूत बसून कविता ऐकतात, हे त्याने देशाला दाखवले. मॉयर्स स्वतः पंडित म्हणून बसला नाही. तो कवींना साधे प्रश्न विचारी आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प राही. मुलाखत घेणाऱ्यांत हा गुण दुर्मीळ आहे.

तरीही या मालिकांची एक अडचण मला जाणवते. कविता पडद्यावर आली की दाखवायचे काय, हा प्रश्न येतो. मग कवीचे घर दाखवतात, समुद्र दाखवतात, जुनी छायाचित्रे दाखवतात. डोळा त्यात रमतो आणि कान मोकळा राहतो. कवितेत समुद्र शब्दाने उभा राहायचा असतो, तो आधीच समोर आणून ठेवला तर शब्दाला काम काय उरले? संतांच्या चरित्रावरचे चित्रपट पाहताना आपल्याही वाट्याला हे आलेच आहे. चमत्कार आठवतो, अभंग आठवत नाही.

यातून वाट काढली ती रॉबर्ट पिन्स्की यांनी. ते १९९७ मध्ये अमेरिकेचे राजकवी झाले. राजकवी हा शब्द आपला, तिकडे राजा नाही. काँग्रेसचे ग्रंथालय ही नेमणूक करते. पिन्स्कींनी देशाला एक साधे आवाहन केले : तुमची आवडती कविता कोणती आणि का, ते कळवा. अट एवढीच की ती कविता तुमची स्वतःची नको. वर्षभरात १८ हजार लोकांनी लिहिले. सर्वांत लहान पाच वर्षांचा, सर्वांत मोठा सत्त्याण्णव वर्षांचा, आणि एकही राज्य सुटले नाही. कविता मेली म्हणणारे विद्वान त्या काळी पुष्कळ होते. त्यांना हे टपाल कोणीतरी दाखवायला हवे होते.

त्या लोकांतून निवडून पन्नास लहान चित्रफिती तयार केल्या. त्यांतल्या काही सार्वजनिक वाहिनीवर रात्रीच्या बातम्यांच्या कार्यक्रमात दाखवल्या गेल्या. रचना अगदी साधी. माणूस आधी आपल्याविषयी थोडे बोलतो, ही कविता त्याच्या आयुष्यात कशी आली ते सांगतो, मग ती वाचतो. बस्स. बोस्टनच्या गॅस कंपनीचा एक बांधकाम मजूर खोदकामाच्या जागी उभा राहून व्हिटमन वाचतो, ती चित्रफीत सर्वांत प्रसिद्ध झाली. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनीही एक कविता वाचली. पण त्या मजुराने वाचलेली लोकांच्या अधिक ध्यानात राहिली, हे मला योग्यच वाटते. व्हिटमनने १८५५ मध्ये आपले पुस्तक पदरच्या खर्चाने छापले, ते सुतार, नावाडी, गाडीवान यांचे बोल कवितेत आणण्यासाठी. त्याची कविता फिरत फिरत अखेर योग्य ठिकाणी पोचली.

पिन्स्कींचे म्हणणे असे की कवितेचे वाद्य म्हणजे कवीचा किंवा नटाचा गळा नव्हे, जो कोणी ती मोठ्याने वाचील त्याचे शरीर, त्याच्या छातीतला श्वास. म्हणूनच त्यांनी नट बोलावले नाहीत. वारकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. अभंग बुवांचा नसतो. टाळकरी ध्रुपद उचलतात, मागे बसलेली आजी ओठांतल्या ओठांत म्हणते, आणि त्या घटकेला तो तिचा असतो. इथे पडद्याने माणसाला श्रोता न ठेवता म्हणणारा केले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी पायरी.

इंटरनेटवर मोफत अभ्यासक्रमांची लाट आली ती २०१२ साली. मोठमोठ्या विद्यापीठांनी गणित आणि संगणकशास्त्र लाखो लोकांपुढे मांडले. उत्तर बरोबर की चूक, हे यंत्र सांगू शकते. पण कवितेचे काय? फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले अल फिलरीस यांनी त्याच सप्टेंबरात आपला आधुनिक अमेरिकी कवितेचा वर्ग सर्वांना खुला केला. ‘मॉडपो’ हे त्याचे लाडके नाव. दहा आठवडे, शुल्क काही नाही. पहिल्याच वर्षी ३० हजारांहून अधिक लोकांनी नाव घातले.

फिलरीस व्याख्यान देत नाहीत, ही त्यांची विशेष गोष्ट. विद्यापीठाच्या आवारात एक जुने, छोटे घर आहे, ‘केली रायटर्स हाउस’. १९९५ पासून तिथे लिहिणारे-वाचणारे जमतात. त्या घरात एका टेबलाभोवती फिलरीस आणि सहा-सात तरुण सहकारी बसतात. समोर एक कविता. हा शब्द इथे का आला, ही ओळ इथेच का तुटली, असे विचारत ते पुढे जातात. कोणी अडखळतो, कोणी दुसऱ्याचे म्हणणे खोडतो. हे सगळे कापछाट करून गुळगुळीत केलेले नसते. पाहणाऱ्याला वाटते की त्या टेबलापाशी एक खुर्ची आपल्यासाठी मोकळी आहे.

आणि ती खरोखर असते. दर आठवड्याला थेट प्रक्षेपण होते. त्यात लोक दूरध्वनी करून विचारतात, कोणी प्रत्यक्ष त्या घरी येऊन बसतात. प्रश्न लिहायच्या जागी रात्रंदिवस चर्चा चालते आणि ते तरुण सहकारी उत्तरे देतात. निबंध यंत्र तपासत नाही, सहाध्यायी एकमेकांचे वाचतात आणि मत लिहितात. यावर टीका झाली. ज्याला स्वतःलाच कळत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार, असे म्हटले गेले. टीकेत तथ्य आहे. कच्चे शेरे येतात, कधी नुसते कौतुक येते. परंतु दुसऱ्याचा निबंध वाचून त्यावर चार ओळी लिहायच्या म्हटले की ती कविता पुन्हा वाचावी लागते, आणि श्रवणाचे मनन होते ते इथे.

या अभ्यासक्रमाची पहिली कविता एमिली डिकिन्सनची. ही बाई मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट गावी राहिली. उत्तर आयुष्यात ती घराबाहेर फारशी पडली नाही. १८८६ मध्ये तिचे देहावसान झाले, तेव्हा तिच्या जेमतेम दहाएक कविता छापल्या गेल्या होत्या. मागे सापडल्या सुमारे १,८००, कितीतरी हाताने शिवलेल्या वह्यांत. जिच्या घरी येणाऱ्यालाही ती कधी कधी दाराआडूनच बोले, तिच्या कवितेवर आता कित्येक देशांतली माणसे एकाच वेळी बोलतात. त्यांत आजारी माणसे आहेत, घराला बांधलेली माणसे आहेत, सत्तरी उलटलेली आहेत.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मोफत ऑनलाइन वर्गांत नाव घालणे सोपे, म्हणून सोडणेही सोपे. अशा बहुतेक अभ्यासक्रमांत दहांपैकी नऊ जण शेवटापर्यंत पोचत नाहीत. आकडे मोठे दिसतात ते दाराशी मोजलेले असतात. शिवाय ज्या गावात वीज आणि जाळे नीट नाही, तिथे हे दार उघडे असून नसल्यासारखे. आपल्याकडे कीर्तनाच्या चित्रफितीखाली लाखांचा आकडा दिसतो, तेव्हा हे ध्यानात ठेवावे. त्यांतल्या किती जणांनी अभंग पुन्हा काढून वाचला, हे त्या आकड्यात येत नाही. विचारलेल्या शंकेला उत्तर देणारे कोणी त्या चित्रफितीमागे बसले आहे काय, हेही नाही.

मॉडपोचे दार दहा आठवड्यांनंतर बंद होत नाही. कविता आणि चर्चा वर्षभर पाहता येतात. काही शहरांत लोक ग्रंथालयांतून प्रत्यक्ष भेटू लागले, म्हणजे पडद्यावरून सुरू झालेली गोष्ट सतरंजीवर आली. आणि दरवर्षी सप्टेंबरात वर्ग पुन्हा डिकिन्सनपासूनच सुरू होतो. आधी पूर्ण केलेले कितीतरी जण परत येतात. नवे काही शिकायचे राहिले म्हणून नव्हे. वेळ झाली, मंडळी निघाली, आपण घरी कसे बसायचे, म्हणून.