कीचकाचा दुसरा वध

जुना गाजलेला चित्रपट कोणी नव्याने काढणार अशी बातमी आली, की ज्यांनी तो लहानपणी पाहिलेला असतो त्यांच्या मनात आनंद आणि धास्ती एकदमच उभी राहतात. त्यातून तो चित्रपट भीतीचा असेल, राक्षसाचा, भुताखेताचा, अक्राळविक्राळ जनावराचा असेल, तर धास्तीचे पारडे जड असते. प्रेमकथा बिघडली तर ती कंटाळवाणी होते, एवढेच. राक्षस बिघडला तर लोक हसतात. आणि ज्याला आपण एके काळी भ्यालो त्याला हसताना पाहणे कोणालाच सहन होत नाही.

गेल्या वर्षी याच व्यासपीठाखाली कळसाडीच्या एका विद्यार्थ्याने मला गाठले आणि तात्या विंचूविषयी विचारले. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ चा, म्हणजे या मुलाच्या जन्मापूर्वीचा. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू त्याला तोंडपाठ होता. २०१३ साली दुसरा भाग त्रिमिती तंत्राने निघाला, तोही त्याने पाहिला होता. “सर, बाहुला अंगावर आल्यासारखा दिसतो, पण भीती मात्र पहिल्याचीच वाटते. असे का?” मी तेव्हा लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेले, त्यांच्यावाचून तो खेळ कसा रंगणार, असे काहीसे उत्तर देऊन सुटका करून घेतली. उत्तर खोटे नव्हते, अपुरे होते. घरी गेल्यावर लक्षात आले, की हा प्रश्न मराठी माणसाने याआधी एकदा सोडवायला घेतला होता आणि त्यात हात पोळून घेतले होते. ती हकीकत कोल्हापूरची आहे. आजचे व्याख्यान म्हणजे त्या मुलाला दिलेले उशिराचे उत्तर आहे, असे समजावे.

आपल्याकडचे पडद्यावरचे राक्षस पुराणांतून आले. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ सालीच ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. १९१९ साली ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांच्या कन्येने, मंदाकिनीने, कृष्ण होऊन नागाच्या फण्यावर नाच केला. पण भस्मासुर काय, कालिया काय, हे देवाच्या हातून मरणारे. ते मरणार हे पोरालाही ठाऊक असते. खरा थरकाप उडवला तो एका माणसाने, कीचकाने. जन्माने तो राक्षस नव्हे. विराटाचा मेहुणा आणि सेनापती. सत्तेच्या जोरावर परस्त्रीला भर सभेत लाथ मारणारा. हा राक्षस प्रत्येक गावात एक तरी असतो, म्हणून त्याची भीती अधिक.

शिवाय १९२० सालच्या प्रेक्षकांच्या मनात त्या कीचकाला एक चेहरा आधीच मिळालेला होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. सरकारलाही लागले नाही. १९१० साली नाटकावर बंदी आली आणि ती १९२६ पर्यंत उठली नाही. म्हणजे १९२० साली दहा वर्षे महाराष्ट्रात कीचक मरायचा थांबला होता. ही गोष्ट ध्यानात धरल्याशिवाय पुढचे काही उमगणार नाही.

या बंदीच्या काळात कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’ काढला. बाबूराव मूळचे मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता पेंटर झाले. त्यांनी आणि त्यांचे आतेमामे-भाऊपणाने वाढलेले सोबती आनंदराव यांनी स्वतः कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली वारले, आणि बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने तो कॅमेरा पुरा केला. घरच्या कॅमेऱ्याने काढलेला हा मूकपट ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. बाळासाहेब यादव भीम, झुंझारराव पवार कीचक आणि कमलादेवी सैरंध्री. कीचकवधाचे दृश्य इतके उग्र उतरले, की ते पुढे सेन्सॉरच्या कात्रीत सापडले. बायका घेरी येऊन पडल्या, झुंझाररावांचा खरोखरच जीव गेला अशी अफवा उठली, वगैरे आख्यायिका कोल्हापुरात मागे राहिल्या. त्यांतल्या किती खऱ्या हे कोणी सांगावे. पण असल्या आख्यायिका चित्रपटाला उगाच चिकटत नाहीत. लोकमान्यांनी बाबूरावांना सुवर्णपदक आणि ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्य गेले.

आता तेरा वर्षे पुढे येऊ. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून फुटून १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली होती. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपट जन्माला घातला होता आणि प्रभातचे नाव देशभर झाले होते. या मंडळींनी १९३३ साली हाती घेतला तो पुन्हा ‘सैरंध्री’, मराठीत आणि हिंदीतही. या वेळी बोलका, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रंगीत. हिंदुस्थानात तोवर रंगीत बोलपट ही दुर्मीळ गोष्ट होती.

या दुसऱ्या ‘सैरंध्री’ची जुळणी पाहिली तर तो फसण्याचे एकही कारण दिसत नाही. दिग्दर्शक शांताराम, ज्यांनी उमेदवारी केली ती बाबूरावांकडेच. दामले-फत्तेलाल तर पहिल्या ‘सैरंध्री’च्या घडणीत हातभार लावलेले. गाव तेच, कथा तीच, घराणे तेच. कोणी परका येऊन आपल्या देवघराला हात लावतो आहे असे म्हणायची सोय नव्हती. मूकपटात जे उणे होते, म्हणजे सैरंध्रीचा आक्रोश, भीमाची गर्जना, विराटाच्या दरबाराचे वैभव, ते सारे आता मिळणार होते. प्रेक्षकांनी आशा धरली असेल तर ती सर्वस्वी रास्त होती.

आणि चित्र पडले. फिल्म रंगांच्या प्रक्रियेसाठी जर्मनीला नेली, शांताराम स्वतः तिच्यामागे गेले, तिथे राहिले. पण प्रती परत आल्या तेव्हा रंग भडक आणि अस्वाभाविक निघाले. त्या काळी दोन फिल्मा एकमेकींस लावून त्यांवर एकदमच चित्र घेत. एक तांबूस छटा टिपी, दुसरी निळसर-हिरवट. दोन रंगांच्या जोरावर सगळे जग रंगवायचे म्हणजे कुठेतरी खोट यायचीच. खरा जांभळा साधत नाही, पिवळा मळतो, आणि माणसाच्या कातडीचा रंग तर सर्वांत बेइमान. पुढे १९३७ साली इंपीरियलने ‘किसान कन्या’ इथेच प्रक्रिया करून काढला, आणि पहिल्या देशी रंगीत चित्रपटाचा मान तिकडे गेला.

इतिहासाच्या पुस्तकांत ही हकीकत बहुधा इथेच संपते: तंत्र कच्चे होते, म्हणून प्रयोग फसला. मला हे पुरते पटत नाही. समजा, रंग अगदी उत्तम उतरले असते, तर कीचक भयंकर झाला असता काय?

विराटपर्व काढून पाहा. हा वध घडतो तो रात्री, नर्तनागारात. दिवसा तिथे मुली नाच शिकतात, रात्री तिथे कोणी नसते. गडद अंधार आहे. शय्येवर भीम निजला आहे आणि कीचक चाचपडत येतो, सैरंध्री समजून त्याच्या अंगाला हात लावतो. भीम त्याला मारतो आणि त्याचे हातपाय व मुंडके धडातच चेपून त्याचा गोळा करतो. त्याच रात्री रक्षक मशाली घेऊन धावत येतात आणि विचारतात, याची मान कुठे आहे, पाय कुठे आहेत? व्यासांनी हा प्रसंग अंधारात ठेवला आणि भय शेवटी त्या गोळ्याकडे पाहणाऱ्या माणसांच्या तोंडी घातले. १९२० च्या मूकपटाजवळ अंधार आणि शांतता या दोन्ही वस्तू फुकटात होत्या. तंत्राच्या गरिबीनेच त्या दिल्या होत्या. १९३३ च्या बोलपटाने पुष्कळ पैसा खर्चून त्या दोन्ही घालवल्या. हे माझे अनुमान आहे आणि ते पडताळून पाहणे अवघड, कारण पहिला ‘सैरंध्री’ आज उरलेला नाही आणि दुसराही पाहावयास मिळत नाही. पण व्यासांचे नर्तनागार उजेडात आणले की ते नाटकशाळा होते, यात मला शंका नाही.

दुसरे असे, की १९३३ सालचा कीचक मरायचा थांबलेला नव्हता. नाटकावरची बंदी उठून सात वर्षे झाली होती. कर्झन जाऊन अठ्ठावीस. मिठाच्या सत्याग्रहात लोकांनी लाठ्या खाल्ल्या होत्या, तुरुंग भरले होते. ज्यांनी खऱ्या सोजिराला समोरून पाहिले, त्यांना त्याचे सोंग पडद्यावर पाहून पहिल्यासारखा काटा येणे शक्य नव्हते. पहिल्या वेळी प्रेक्षक चोरून काहीतरी पाहायला आले होते. दुसऱ्या वेळी ते तिकीट काढून रंग पाहायला आले.

योगायोग असा, की त्याच १९३३ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला ‘किंग काँग’ लागला. हातभर उंचीचे, केसाळ कातडे चढवलेले पुतळे कणाकणाने हलवून विलिस ओब्रायनने तो महावानर जिवंत केला. त्यालाही सेन्सॉरने गाठले. १९३८ साली तो पुन्हा लागला तेव्हा त्यातले काही प्रसंग कापून काढले गेले. १९७६ साली तो नव्याने निघाला तेव्हा चाळीस फुटी यांत्रिक वानर बनवल्याचा मोठा गवगवा झाला; पडद्यावर बहुतेक वेळ दिसला तो कातडे पांघरलेला माणूस. २००५ साली पीटर जॅक्सनने तो पुन्हा काढला. हा गृहस्थ नऊ वर्षांचा असताना मूळ चित्र पाहून रडला होता. कोट्यवधी डॉलर खर्चून त्याने संगणकाचा वानर केलाच; पण मला त्याची दुसरी एक गोष्ट अधिक आवडते. मूळ चित्रातला कोळ्यांच्या दरीचा प्रसंग प्रदर्शनापूर्वीच काढून टाकला गेला होता आणि हरवला होता. जॅक्सनने तो जुन्याच पद्धतीने, पुतळे हलवून, काळ्या-पांढऱ्यात पुन्हा तयार केला. त्याला १९३३ चा हात हवा होता.

आपल्याकडे स्वतःचेच चित्र दुसऱ्यांदा काढण्याचा मोह खुद्द बाबूरावांनाही आवरला नाही. त्यांचा ‘सावकारी पाश’ १९२५ चा मूकपट. जमीन गमावून गिरणीत जाणारा तरुण शेतकरी त्यात शांतारामांनी केला होता. त्यातली ती अंधारी झोपडी आणि तिच्याजवळ विव्हळणारे कुत्रे पाहणाऱ्यांना पुढे कित्येक वर्षे आठवत राहिले. लक्षात घ्या, मूकपटातले कुत्रे लोकांना ऐकू आले! १९३६ साली बाबूरावांनी त्याचाच बोलपट केला. आज नाव घेतले जाते ते पहिल्याचेच. या सावकाराच्या राक्षसाची ओळख शहादे-तळोद्याच्या माणसाला चित्रपटावरून करून द्यायची गरज नाही. १९७२ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने ज्या गेलेल्या जमिनींसाठी रान उठवले, त्या जमिनी खाणाऱ्याला ना शिंगे होती ना सुळे.

यावरून कोणी असे म्हणेल, की मग जुन्याला हातच लावू नये. तसेही मला म्हणवत नाही. आपल्याच जिल्ह्यात काठीची राजवाडी होळी महिन्यापूर्वी होऊन गेली. अंगभर राखेचे ठिपके, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरे, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अशी ती सोंगे दर साली नव्याने उभी राहतात. गेल्या सालचा टोप बरा होता, असे म्हणत कोणी घरी जात नाही. सोंग घेणारा आधी कित्येक दिवस व्रत पाळतो, खाटेवर निजत नाही, पायांत वहाण घालत नाही. आणि पाहणाऱ्याला ते ठाऊक असते, कारण तो त्याच्याच पाड्यावरचा असतो. तिथे प्रेक्षक असा वेगळा कोणी नाहीच. तिकीट काढून बसलेल्या माणसाजवळ मात्र आठवण हीच एक मिळकत असते, आणि दुसरे चित्र काढणारा नेमका तिच्यातच भागीदारी मागतो. तो चिडतो, भांडतो, आणि तरी पहिल्याच दिवशी जाऊन रांगेत उभा राहतो, याचे मला तरी नवल वाटत नाही.

‘सैरंध्री’ने प्रभातचे नुकसान केले खरे, पण शांताराम जर्मनीहून रिकाम्या हाताने आले नाहीत. तिकडच्या स्टुडिओंतली छायाप्रकाशाची कामगिरी त्यांनी डोळे भरून पाहिली होती आणि दूरचे जवळ आणणारे भिंग बरोबर आणले होते. प्रभात त्याच साली पुण्याला हलली. तिथला पहिला बोलपट ‘अमृतमंथन’, १९३४ चा. कथा नवी: अवंतीचा राजा यज्ञातले बळी बंद करतो आणि चंडीचा राजगुरू त्याच्या खुनाचा कट रचतो. मराठीत हा राजगुरू केशवराव दात्यांनी केला, हिंदीत चंद्रमोहनने. चित्राच्या आरंभी अंधारातून पडदाभर एकच डोळा येतो. रंग नाही, रक्त नाही, गर्जना नाही. कीचकात जे शोधायला मंडळी बर्लिनपर्यंत गेली होती, ते या डोळ्यात सापडले. आणि हा चित्रपट आजही पाहावयास मिळतो. कळसाडीच्या त्या विद्यार्थ्याला मी तो पाहायला सांगितले आहे. शांतारामांनी त्यानंतर पुष्कळ चित्रपट काढले, रंगीतही काढले. कीचकाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.