गंजीफ्रॉकचा गळा आणि वऱ्हाडचा कापूस

अमरावती-अकोल्यात कापसाची गोष्ट निघाली की ती भाव, बोंडअळी आणि जिनिंगपाशी थांबते. आज आपण तिला कपड्याच्या गळ्यापर्यंत नेऊ.

प्रश्न साधा आहे. डोकं मानेपेक्षा मोठं. मग मानेशी नीट बसणारा कपडा डोक्यावरून जावा कसा? मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना धरून बसतात, ते फारसं ताणत नाही. म्हणून आपण कपडा समोरून उघडला. बाराबंदीला बंद आले, बंडीला गुंड्या आल्या. दुसरं उत्तर असं, की धाग्याचे फासे करून ते एकमेकांत गुंफायचे. असं कापड ताणतं आणि परत जागेवर येतं. बनियन, टी-शर्ट हे सगळे या कुळातले.

हे उत्तर आपल्याकडे कुठून आलं, ते शब्दच सांगतो. गर्न्सी बेटाच्या नावाने ओळखला जाणारा खलाशांचा विणीचा सदरा म्हणजे 'गर्न्सी फ्रॉक'. त्याचं आपण गंजीफ्रॉक केलं. इंग्लंडात विल्यम लीने 1589 मध्ये मोजे विणायचं यंत्र केलं. 1758-59 च्या सुमारास जेडेडाया स्ट्रटने त्याला रिब विणायची जोड दिली. गळ्याची ती उभ्या रेघांची लवचीक पट्टी याच रिबची. हाच स्ट्रट पुढे आर्कराइटच्या सूतगिरणीत भागीदार झाला.

त्या गिरण्यांना कापूस हवा होता. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि आपल्या कापसाला मागणी आली. 1870 मध्ये लॉर्ड मेयोने खामगावच्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन केलं. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला 'ऊमराज' म्हणत, म्हणजे उमरावतीचा. नाव गेलं, गाठी गेल्या. पुढचं काम आणि त्याची मजुरी तिकडेच राहिली.

सप्टेंबर 2024 मध्ये अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्यान प्रकल्पाची पायाभरणी झाली. म्हणजे प्रश्न पुन्हा दारात आहे: गाठीच पाठवायच्या, की गळाही शिवायचा?

ते काम आपल्याला परकं आहे का? पानगळा, मटकागळा शिवणाऱ्या बायका उरेब पट्टी लावतातच. मागावरचं कापडसुद्धा तिरपं कापलं की थोडं ताणतं, हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे. रिबचा हिशेब त्याच्याच पुढचा. गळ्याचा घेर 50 सेंटिमीटर असेल तर पट्टी साधारण 42-43 सेंटिमीटर घ्यायची. गळा आणि पट्टी, दोन्हींचे चार सारखे भाग करून खुणा जुळवायच्या. शिवताना ताण फक्त पट्टीला द्यायचा. गळा ओढला की तो लाटांसारखा फुगतो. सुई गोल टोकाची, आणि टाका नागमोडी किंवा ओव्हरलॉकचा. सरळ टाका ताणत नाही, डोकं घालताच दोरा तुटतो.

तत्त्वज्ञानात आम्ही विचारतो, बदलूनही तीच राहणारी वस्तू कोणती? वऱ्हाडापुरतं एक उत्तर या पट्टीत आहे. ताण सोसून परत जागेवर यायचं, तर आधी मोजून कापावं लागतं. ते मोजमाप आता आपल्या शिवणवर्गांत शिकवलं गेलं पाहिजे. नाहीतर दारातल्या कारखान्यातही आपण गाठीच मोजत बसू.