देहूच्या पेठेत: पायली, पारडं आणि घागर

डोळे उघडा. चाकणकडे निघालेल्या ट्रेलरचा हॉर्न थांबलाय. रस्ताच नाही, तर ट्रेलर कुठून येणार? पायाखाली तापलेला फुफाटा आहे आणि तुम्ही अनवाणी आहात, म्हणून एका जागी उभं राहवत नाही. शेण, गूळ, करडईचं तेल आणि बैलांचा घाम असा सगळा वास एकदम नाकात शिरतो. हे देहूच आहे, पण तुकोबांच्या काळातलं. या पेठेची महाजनकी त्यांच्याच घराण्याकडे. 1630 च्या दुष्काळाचे चटके सोसलेली माणसं इथं बाजार करताहेत, त्यामुळे मापाच्या काठाकडे प्रत्येकाची नजर आहे.

"पाव्हणं, बघत काय उभं राहिलात? हात लावा की!"

आवाज तुम्हालाच आहे. बैलाच्या पाठीवरून गोण उतरवायची आहे. तुम्ही खालून आधार देता आणि गुडघे वाकतात. कोकणातून घाट चढून आलेलं मीठ आहे ते. गोणीचा ओलसर काथ्या खांद्याला करकचून घासतो, मानेवर खारट घाम उतरतो. शेजारच्या बैलावरची गोण अगदी तेवढ्याच आकाराची. आता तुम्ही शहाणे झालात. पाय रोवता, दम धरता आणि सगळा जोर लावून उचलता. गोण अलगद वर येते, तुम्ही मागच्या मागे धडपडता आणि शिवणीतून उडालेला ठसका थेट नाकात. वाळलेल्या मिरच्या! शिंका थांबेपर्यंत बैलवाला पोट धरून हसतोय.

घनता ती हीच. जागा तेवढीच, पण तिच्यात माल किती ठासून बसलाय, हे ती सांगते. तुकोबांनी मीठ लादून बालेघाटाकडे आणि मिरच्या घेऊन कोकणात फेऱ्या केल्याच्या कथा संतचरित्रकार महिपतींनी लिहून ठेवल्यात. हा फरक त्या वाटेवरच्या बैलांनाही पाठ असणार.

नाक पुसत पुढे या. ज्वारीच्या राशीपुढे गर्दी जमली आहे आणि धुळीत नुसता कलकलाट चाललाय. इथं धान्य मापानं विकतात: चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. वाणी पायलीत ज्वारी ओततो आणि काठावरून हात फिरवतो.

"हात कशाला फिरवता, दादा? शीग लावून द्या," म्हातारी पदर खोचून म्हणते.

"मावशी, मग मला काय उरंल?"

"आन् जरा हलवा ती पायली. भुरभुर ओतताय नुसती."

वाणी नाइलाजानं पायली आपटतो. दाणे खाली बसतात, वर दोन बोटं जागा होते, आणि मावशी ती मूठभर ज्वारीनं भरून घेतात. मला या बाईबद्दल फार आदर वाटतो. दाण्यांमधल्या हवेचे पैसे द्यायचे नाहीत, एवढं तिला पक्कं ठाऊक आहे, आणि दुष्काळ पाहिलेल्या घरात ती मूठ म्हणजे एखाद्या लेकराची भाकरी असते. पलीकडे भट्टीवर लाह्या तडतडताहेत. त्याच ज्वारीच्या लाह्या झाल्या की पायलीभर घेतल्या तरी पोट भरत नाही. माप फक्त जागा मोजतं.

गुळाचं मात्र असं नाही. ढेप काही पायलीत बसत नाही, तिथं तराजूच लागतो. माशा घोंघावताहेत. एका पारड्यात गूळ, दुसऱ्यात वजनं. काटा मधोमध आला की सौदा झाला. नीट बघा, हा तराजू गूळ किती जड आहे ते सांगतच नाही. इकडे वजनांइतकाच माल आहे, एवढंच तो सांगतो. पृथ्वी दोन्ही पारडी सारखीच ओढते, त्यामुळे ती ओढ हिशेबातून निघून जाते. हाच तराजू चंद्रावर न्या, काटा मधोमधच राहील. तुमच्या घरातला स्प्रिंगचा काटा तिथं नेला, तर साठ किलोचा माणूस त्याला दहा किलोचा दिसेल. बदलली ती ओढ, म्हणजे वजन. माणूस तेवढाच राहिला, म्हणजे वस्तुमान. फार लांब जायला नको. भंडारा डोंगरावर चढलात तरी स्प्रिंगच्या काट्यावर काही ग्रॅमांचा फरक पडायला हवा. तो ओळखेल इतका नाजूक काटा मात्र घरात नसतो.

वस्तुमान अंगाला जाणवतं का? जाणवतं. तिकडे तिवईला मोठी तागडी टांगली आहे आणि तिच्या पारड्यात भरलेलं पोतं. सगळा भार दोरानं पेललाय, तुम्हाला काहीच उचलायचं नाही. नुसतं आडवं ढकला. आधी हलत नाही. मग सावकाश निघतं, आणि एकदा निघालं की थांबवताना तुम्हालाच दोन पावलं मागे रेटतं. तो हट्ट पोत्याच्या वस्तुमानाचा.

"अवो, तागडी मोडाल! सरका बाजूला!"

सरका, आणि उतारावरून इंद्रायणीत उतरा. भाजलेल्या तळव्यांना पाणी लागलं की तोंडातून आपोआप "हाऽऽ" निघतं. घाटावर धुणं आपटण्याचा आवाज आहे, बायकांची बोलणी आहेत. गाथा बुडवण्या-तरण्याचा प्रसंग अजून घडायचा आहे, आणि तो घनतेच्या गणितात बसवायला मी तरी जाणार नाही. तुम्ही फक्त घाटावरच्या या मावशींची तांब्याची घागर भरून द्या.

रिकामी घागर तीन किलोची, आत मावतं बारा लिटर पाणी. भरलेली घागर पाण्याखाली असेपर्यंत हाताला तीन किलोसुद्धा लागत नाहीत. आतलं पाणी नदीनंच तोललेलं असतं, वर तांब्याचा थोडा भारही ती उचलते. पण तिथंच घागर झटकन बाजूला ओढून बघा. ऐकत नाही, पंधरा किलोंचं वस्तुमान पाण्याखालीही पंधराच आहे. आता वर उचला. काठ बाहेर आला, गळा आला, पोट आलं, आणि बोटागणिक मनगटावरचा भार वाढत चाललाय. पूर्ण बाहेर आली तेव्हा खांदा खाली ओढला गेला आणि अर्धा शेर पाणी तुमच्याच पायांवर सांडलं.

"काय वो पाव्हणं, जेवला न्हाईत काय?" मावशी घागर तुमच्या हातातून काढून कमरेवर घेतात आणि दुसरी तुमच्या पुढ्यात ठेवतात. ती पहिलीपेक्षा मोठी आहे.