लिस्बनच्या धक्क्यावर

ज्या नगराचे दैव पाण्याने घडविले आणि पाण्यानेच एकदा बुडविले, ते नगर पाहावयाचे तर आधी पाण्यावरून पाहावे, असे आमचे मत आहे. आगगाडीने मुंबईस येणाऱ्याला मुंबई बोरीबंदरापासून सुरू झालीशी वाटते. गलबतातून येणाऱ्याला ती कुलाब्याच्या दांडीपासून दिसू लागे, आणि खरी मुंबई त्यालाच अगोदर कळे. लिस्बनला आम्ही विमानाने उतरलो, यात आमचा नाइलाज होता. परंतु पहिल्याच सकाळी आम्ही शहराकडे पाठ फिरवून थेट नदीचा धक्का गाठला.

या शहराविषयी आम्हांस जे कुतूहल होते ते निव्वळ प्रवाशाचे नव्हते, हे आधीच सांगून टाकलेले बरे. ऋणकोच्या नातवाने सावकाराच्या वाड्यात शिरावे आणि दिवाणखान्यातील झुंबरे सोडून जुन्या वह्या कोठे ठेवल्या आहेत हे शोधू लागावे, तशातला आमचा प्रकार होता. गोवे १५१० पासून १९६१ पर्यंत, वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत, या नगराच्या हुकमतीखाली होती. चौल आणि मुंबई यांचाही हिशोब येथेच होत असे. कोकणच्या किनाऱ्याची इतकी वर्षे ज्या दप्तरात नोंदली गेली, त्या दप्तराचे पुढे काय झाले, हा आमच्या मनातील खरा प्रश्न होता.

नदीला इंग्रजीच्या द्वारे आपण टेगस म्हणतो. तेथील लोकांची ती तेजो. शहराच्या पूर्वेस तिचे पात्र एखाद्या खाडीसारखे ऐसपैस पसरते, आणि त्या विस्ताराला ते लोक ‘पेंढ्याचा समुद्र’ असे गोड नाव देतात. पश्चिमेस मात्र हेच पात्र आवळून जेमतेम दोन किलोमीटरांचे होते व मग अटलांटिक महासागरास मिळते. वाऱ्यापासून आडोसा देणारे आत प्रशस्त पाणी आणि राखावयास सोपे असे अरुंद तोंड! बंदरास याहून अधिक काय पाहिजे? आमची बोट त्या अरुंद तोंडाकडे निघाली. १९६६ साली बांधलेल्या तांबड्या झुलत्या पुलाखालून ती गेली तेव्हा वरून मोटारींचा अखंड गुंजारव ऐकू येत होता. सालाझारच्या नावाने उघडलेल्या या पुलास १९७४ च्या क्रांतीनंतर ‘२५ एप्रिल’ असे नाव मिळाले.

पुलापलीकडे उजव्या हातास बेलेम येते. हिंदुस्थानास जाणारी गलबते येथे अनुकूल वाऱ्याची वाट पाहत थांबत. मार्च-एप्रिलात निघाले तरच आफ्रिकेला वळसा घालून अरबी समुद्रातला नैऋत्येचा वारा सापडे. नाही तर वर्ष फुकट. म्हणजे आपल्याकडचा पाऊस या परक्या बंदराचे पंचांग ठरवीत होता. काठावर १९६० साली उभारलेले शोधयुगाचे दगडी स्मारक आहे. गलबताच्या नाळेवर राजपुत्र हेन्री उभा, आणि त्याच्या मागे दोहो बाजूंनी दर्यावर्दी, पाद्री, नकाशे काढणारे व कवी अशा बत्तीस मूर्ती चढत गेल्या आहेत. कारागिरी भव्य आहे, आणि थोडी कंटाळवाणीही आहे. १४९८ साली मालिंदीहून वास्को द गामाला महिन्याच्या आत मलबारचा किनारा दाखविणारा जो वाटाड्या, त्याला या तेहतीस जणांत जागा मिळालेली नाही. आम्ही तेथे फार वेळ काढला नाही.

आमचे मन रमले ते पुढच्या बुरुजाशी. १५१४ च्या सुमारास हा बुरूज बांधावयास घेतला, तेव्हा तो काठापासून सुटा, पाण्यात उभा होता. दगडाचे दोर, गाठी, क्रूस व गोल यांनी तो नखशिखांत नटलेला आहे. बोटीतून उतरून आम्ही काठाने त्याच्या पश्चिमेस गेलो व एका टेहळणीच्या मनोऱ्याखाली मान वर करून उभे राहिलो. तेथे, पावसावाऱ्याने झिजून गेलेले, गेंड्याचे मस्तक कोरलेले आहे.

त्या गेंड्याची कथा अशी. गोव्याचा पोर्तुगीज अधिपती आल्बुकर्क याने गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा याच्याकडे दीव बेटावर किल्ला बांधण्याची परवानगी मागितली. सुलतानाने किल्ला दिला नाही. त्याऐवजी १५१४ साली एक गेंडा दिला. दरबारी नकाराचा इतका वजनदार नमुना इतिहासात विरळा! आल्बुकर्कने तो गोव्याहून गलबतावर चढवून आपल्या राजाकडे पाठविला, आणि २० मे १५१५ रोजी, हा बुरूज अर्धवट बांधला जात असता, ते जनावर लिस्बनला उतरले. रोमन साम्राज्यानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. पोर्तुगीजांपाशी त्याला नावही नव्हते. त्यांनी आपलाच शब्द उचलून त्यास ‘गांडा’ म्हटले. त्याच्याबरोबर ओसेम नावाचा माहूत आला होता. राजा मानुएलने प्राचीन ग्रंथांची परीक्षा पाहण्यासाठी गेंड्याची व हत्तीची झुंज लावली. हत्ती गेंड्याला पाहताच पळाला. पुढे तो गेंडा पोपला नजर म्हणून रवाना झाला व १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून बुडाला. न्यूरेंबर्गच्या अल्ब्रेख्त ड्यूररने मूळ जनावर न पाहता, केवळ कोणी धाडलेल्या वर्णनावरून व रेखाटनावरून त्याचे चित्र लाकडात कोरले, आणि पुढे दोन-अडीचशे वर्षे युरोपातील विद्वानांनी तेच प्रमाण मानले. ओसेमचे पुढे काय झाले, ते कोणी कोरून ठेवले नाही.

जवळच जेरॉनिमस मठ आहे. त्याचा बराचसा खर्च मसाल्यांच्या व्यापारावर बसविलेल्या शेकडा पाचांच्या करातून भागला, म्हणजे त्याच्या कमानी मिऱ्यांवर उभ्या आहेत असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. दाराशी एका बाजूस गामाची, दुसऱ्या बाजूस कामोइंश कवीची समाधी आहे. यात्रेकरूंची रांग एवढी होती की दर्शन घडले ते पंढरपूरच्या मुखदर्शनाइतकेच.

परतीचा मार्ग आम्ही बसने धरला. बस हे वाहन आमच्या मते इतिहासाच्या अभ्यासकास ट्रामपेक्षा अधिक उपयोगी. लिस्बनच्या पिवळ्या ट्रामींत आता प्रवासीच प्रवाशांची छायाचित्रे काढतात. बसमध्ये बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या आजीबाई बसतात आणि शहर कोठे चढते, कोठे वळते, हे कमरेला कळते. नदीकाठाने येत येत ती आम्हांस एका प्रचंड चौकात घेऊन आली. तीन बाजूंना पिवळ्या रंगाच्या कमानदार इमारती, चौथी बाजू पाण्याकडे उघडी. सरकारदप्तरी याचे नाव व्यापारचौक. लोक मात्र अद्याप ‘राजवाड्याचे पटांगण’ म्हणतात. तेथे राजवाडा नाहीसा होऊन पावणेतीनशे वर्षे होत आली! आपल्याकडेही वेस पडून गेलेल्या गावात लोक ‘वेशीपाशी भेटू’ असे म्हणतातच.

जो राजवाडा गेला, तो मानुएलने किल्ल्याची टेकडी सोडून मुद्दाम धक्क्यावर बांधला होता, आणि त्याला लागूनच ‘हिंदुस्थान-घर’ ही कचेरी होती. गलबते, खलाशी, मिरी, दालचिनी, घोडे, नेमणुका, भांडणे, सारे तिच्या वह्यांत उतरत असे. राजा जणू आपल्या वखारीच्या माडीवर राहत होता.

१ नोव्हेंबर १७५५ हा सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या पुढे, देवळे भरलेली व मेणबत्त्या लावलेल्या असताना, भूकंप झाला. घरे कोसळू लागली तसे लोक मोकळी जागा म्हणून नदीकडे धावले. तो थोड्याच वेळात नदी मागे हटली आणि समुद्र उलटून आत आला. जे पाण्यातून वाचले त्यांच्यामागे आग लागली. ती पाच-सहा दिवस विझली नाही. मेलेल्यांचे अंदाज तीस-चाळीस हजारांपर्यंत जातात. राजा जोझे त्या सकाळी सहकुटुंब बेलेमला होता म्हणून बचावला. पण त्याने पुढे दगडी छपराखाली निजण्याचे नाकारले व १७७७ साली मरेपर्यंत लाकडी वाड्यात दिवस काढले. राजवाडा, त्यातील सुमारे सत्तर हजार ग्रंथांचे पुस्तकालय, त्याच वर्षी उघडलेले नाट्यगृह, आणि हिंदुस्थान-घर, सारे त्या आगीच्या भक्ष्यस्थानी पडले.

चिमाजीअप्पांनी वसई घेतली ती १७३९ च्या मे महिन्यात. म्हणजे ही घटना त्यानंतर अवघ्या सोळा वर्षांची. आपण वसईच्या लढाईविषयी, किनाऱ्यावरील गावांविषयी, पहिल्या दोन शतकांतील व्यापाराविषयी जे अंदाजाने बोलतो, त्यापैकी किती गोष्टी त्या वह्यांत लिहून ठेवलेल्या असतील! त्या चौकात उभे राहून आम्हांस प्रथमच असे वाटले की, तो भूकंप परक्यांचा नव्हे. आमच्याही घराचा एक सोपा त्या दिवशी जळाला.

तथापि सर्वच गेले नाही, आणि याचे श्रेय एका वृद्धास आहे. राज्याचे मुख्य दप्तर टेकडीवरील किल्ल्याच्या एका बुरुजात असे. त्यावरून त्यास ‘तोर्रे दो तोंबो’ म्हणत. तो बुरूजही ढासळला. परंतु दप्तराचा प्रमुख मानुएल द मायिया, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, याने ढिगाऱ्यातून कागद काढविले, किल्ल्याच्या आवारात लाकडी खोपट उभारून त्यात ते ठेविले आणि दोन वर्षांनी एका मठात हलविले. हाच गृहस्थ राज्याचा मुख्य स्थापत्यकारही होता. पुढे पोम्बालचा मार्किस म्हणून प्रसिद्धीस आलेल्या मंत्र्यासाठी नव्या शहराच्या योजना याच थरथरत्या हाताने लिहिल्या. चौकामागचे सरळ, काटकोनी रस्ते त्या योजनांचे फळ होत. तेथील घरांच्या भिंतींत भूकंपास दाद देईल असा लाकडी पिंजरा बसविलेला आहे. चौकातील पुतळा मात्र राजाचा. असो.

गोव्याचे सुभेदार व राजा यांच्यामधील पत्रव्यवहार मोसमी वाऱ्याच्या गलबतांबरोबर चाले, म्हणून त्याच्या संग्रहास ‘मोसमी पुस्तके’ म्हणतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे आगीनंतर, त्यांतील बरेचसे खंड गोव्याहून लिस्बनला नेले गेले. उरलेले पणजीस राहिले. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आपले आयुष्य पणजीच्या दप्तरात घालविले आणि मराठे-पोर्तुगीज संबंधांचा पाया घातला. लिस्बनचे दप्तर १९९० पासून विद्यापीठाच्या आवारातील भक्कम नव्या इमारतीत आहे. आमच्या तरुण अभ्यासकांपैकी पोर्तुगीज शिकणारे किती, हा प्रश्न आम्ही येथे केवळ नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी बसनेच पूर्वेस गेलो. जेथे पूर्वी तेलाच्या टाक्या, कत्तलखाना व कचऱ्याचे ढीग होते, तेथे १९९८ साली, गामाच्या सफरीस पाचशे वर्षे झाली म्हणून, महासागरांना वाहिलेले जागतिक प्रदर्शन भरले होते. त्या उत्सवी वर्षाची खूण सर्वत्र आहे: मनोऱ्यास गामाचे नाव, बाजारास गामाचे नाव, आणि नदीवर दृष्टी पोहोचेपर्यंत गेलेल्या, जोडरस्त्यांसह सुमारे सतरा किलोमीटर लांबीच्या पुलासही गामाचेच. त्याच वर्षी गोव्यात व केरळात या सोहळ्याविरुद्ध लोकांनी आवाज उठविला होता, तो या काठापर्यंत पोहोचलेला दिसत नाही.

प्रदर्शनातील रज्जुमार्ग अद्याप चालू आहे. तो कोणत्याही डोंगरावर चढत नाही. मत्स्यालयापासून मनोऱ्यापर्यंत सव्वा किलोमीटरभर पाण्याच्या कडेने, फार तर तीस मीटर उंचीवरून, संथ जातो. आमच्याखेरीज पाळण्यात कोणी नव्हते. डावीकडे नव्या इमारतींच्या काचा, उजवीकडे ओहोटीने उघडा पडलेला चिखल व त्यात टिपणारे पक्षी. हे दृश्य एखाद्या कोकणी खाडीचे म्हणूनही खपले असते. खाली नदीकाठाने लांबट बाग लागली. पोर्तुगीज जहाजे जेथे जेथे गेली तेथल्या झाडांची ही बाग, आणि तिचे नाव गार्सिया द ओर्ता.

या एका नावासाठी आमचे तिकिटाचे पैसे वसूल झाले. ओर्ता हा वैद्य. याचे घराणे मूळचे यहुदी, सक्तीने ख्रिस्ती केलेले. लिस्बनची प्राध्यापकी सोडून १५३४ साली तो गोव्यास आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ऊठबस होती, आणि मुंबई बेट त्यास खंडाने मिळाले होते. पन्नास नव्हे, साठीच्या उंबरठ्यावर त्याने हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवर संवादरूपाने एक ग्रंथ लिहिला. तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात आंब्याविषयी बोलणे चाललेले असता मुंबईहून त्याच्या कुळाने पाठविलेली आंब्याची करंडी घरात येते. आपल्या मुंबईच्या आंब्याचे ग्रंथात इतके घरगुती आगमन याहून जुने आमच्या पाहण्यात नाही. तेथल्या पंडितांनी नुसते ग्रीक ग्रंथ घोकावे अशा काळात हा माणूस बाजारात जाऊन वैदूला व हकीमाला विचारीत होता.

१५६८ साली तो गोव्यात वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला इन्क्विझिशनने जिवंत जाळले. ती जबानी घेऊन थांबली नाही. १५८० साली ओर्ताची हाडे उकरून काढून तीही जाळण्यात आली. ज्या राज्याने हे केले, त्याच राज्याच्या राजधानीत आज त्याच्या नावाची बाग आहे. आम्हांस याचा राग येत नाही; परंतु मनोरा, बाजार व पूल गामाला देऊन बाग ओर्ताला दिली, या वाटणीत आमच्या मते ओर्ताला कमी मिळाले नाही.

पाळणा मनोऱ्यापाशी थांबला. आम्ही परतीचे तिकीट काढले नव्हते. बागेतून पायीच मागे आलो.