रिबात : सरहद्दीवरील ठाणे ते वाटसरूंची सराई

रिबात ही आरंभीच्या इस्लामी काळात सरहद्दीवर व सागरकिनाऱ्यावर उभारली जाणारी तटबंदीयुक्त वास्तू होय. ‘बांधणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून हा शब्द बनला असून घोडे बांधून सज्ज राहणे, ही त्यामागील मूळ कल्पना आहे. येथील रहिवाशास ‘मुराबित’ म्हणत. तो पहारा देई आणि उरलेला वेळ उपासनेत व अध्ययनात घालवी. त्यामुळे ठाणे आणि मठ या दोहोंच्या गरजा एकाच इमारतीत भागवाव्या लागत.

या रचनेचे उत्तम नमुने ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर आढळतात. बायझंटाइन आरमाराच्या हल्ल्यांपासून संरक्षणासाठी अब्बासी सुभेदार हरसमा इब्न आयान याने इ. स. 796 मध्ये मोनास्तीर येथे रिबात बांधला. सूस येथील रिबातच्या मनोऱ्यावरील शिलालेखात अघलबी अमीर पहिला झियादतुल्ला याचे नाव व इ. स. 821 शी जुळणारे हिजरी वर्ष 206 कोरलेले आहे.

सूसचा रिबात चौरस असून त्याची प्रत्येक बाजू सुमारे 38 मीटर आहे. आत जाण्यास एकच दरवाजा असून त्याच्या बांधकामात जुन्या वास्तूंचे स्तंभ पुन्हा वापरले आहेत. मधल्या चौकाभोवती लहान खोल्या असून आग्नेय कोपऱ्यात चौरस पायावर गोल टेहळणी मनोरा आहे. वरच्या मजल्यावर दक्षिणेस प्रार्थनागृह आहे. त्याच्या बाहेरील भिंतीत मक्केची दिशा दाखवणारा मिहराब आहे आणि बाण सोडण्याच्या फटीही आहेत. मुराबितांचे दुहेरी जीवन या एका भिंतीत दिसते.

इ. स. 827 मध्ये सूसहूनच अघलबी आरमार सिसिलीवर चालून गेले. पुढे सरहद्द दूर सरकत गेली, तसे रिबातचे लष्करी महत्त्व ओसरले. खोल्या, चौक आणि प्रार्थनागृह यांची उपयुक्तता मात्र टिकून राहिली. सूफींच्या वसतिगृहांनाही रिबात म्हटले जाऊ लागले. इराण व मध्य आशियात या शब्दाला व्यापारी मार्गावरील सराई असा अर्थ आला. खोरासानमधील बाराव्या शतकातील रिबात-ए-शरफ ही दोन चौकांची भव्य सराई त्याची साक्ष देते.

मोरोक्कोची राजधानी रबात हिच्या नावातही हाच शब्द आहे. सूसच्या रिबातसह तेथील जुन्या शहराचा 1988 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.